हिच बॉलचं ग्रीस: खास ट्यूब घ्यावी, डब्यातलं साधं चालतं, की बॉल कोरडाच बरा?

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. हिच बॉल म्हणजे गाडीच्या मागचा लोखंडी गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो, आणि कपलर म्हणजे त्या गोळ्यावर बसणारी ट्रेलरच्या तोंडाची वाटी. साधा कपलर असेल तर बॉलला ग्रीस लावा, पातळ लावा, आणि नवीन लावायच्या आधी जुनं पुसून काढा. कपलरच्या आत घर्षणाचे पॅड असतील, म्हणजे ट्रेलरचं डोलणं दाबणारं स्टॅबिलायझरवालं प्रकरण असेल, तर ग्रीसचं बोट सुद्धा तिकडे नेऊ नका. आणि ज्या ट्यूबचा रिव्ह्यू लिहायला बसलोय, ती "हिच बॉलसाठी खास" असं ठळक छापलेली छोटी ट्यूब, ती वाईट अजिबात नाही, पण नसली तर तुमचं काही अडत पण नाही. ५ पैकी ३ स्टार. का ते खाली, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये या विषयावर दोन पार्ट्या आहेत आणि दोघींचा आवाज मोठा आहे. एक पार्टी म्हणते लोखंडावर लोखंड घासतंय, ग्रीस पाहिजेच, यात विचारायचं काय. दुसरी म्हणते ग्रीसला धूळ चिकटते, धूळ बॉल खाते, शिवाय पॅन्टचा सत्यानाश, त्यापेक्षा कोरडाच ठेवा. आता दोघांचंही ऐकलं तर लक्षात येतं की दोघंही खरंच बोलतायत, फक्त पहिला बोलतोय पुसणाऱ्या माणसाच्या बॉलबद्दल आणि दुसरा बोलतोय आयुष्यात कधी न पुसणाऱ्या माणसाच्या बॉलबद्दल. वाद ग्रीसचा नाहीचे, फडक्याचा आहे.

आधी तिथे नक्की होतं काय ते बघू. २००० किलोचा ट्रेलर धरा. अमेरिकेत वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा असं सांगतात, युरोपात बऱ्याच कारना बॉलवरच्या भाराची मर्यादाच ७५-१०० किलोच्या आसपास असते, तर आपण हिशोबाला सोपा म्हणून १० टक्के धरू. म्हणजे २०० किलो, एका मुठीत मावेल एवढ्या गोळ्यावर. आणि ते वजन नुसतं बसून नाही राहत. वळलात की कपलर बॉलभोवती फिरतो, स्पीडब्रेकर आला की पुढेमागे डोलतो, एक चाक खड्ड्यात गेलं की बाजूला कलतो. गाडी ओढायला लागली की बॉलची पुढची बाजू कपलरच्या पुढच्या भिंतीला दाबली जाते, ब्रेक मारला की ट्रेलर मागून अंगावर येतो आणि मागची बाजू दाबली जाते, माथ्यावर वजन तर कायमचंच. वापरातला कुठलाही बॉल उन्हात धरून बघा, पुढे आणि मागे दोन चकचकीत पट्टे दिसतील, वर एक टिकली, आणि बाजूंना मूळचं फिनिश बऱ्यापैकी शाबूत. कोरडा चालवलेला असेल तर त्या पट्ट्यांवरून नख फिरवा, बारीक बारीक आडव्या चरा लागतात नखाला, आणि क्रोमचा बॉल असेल तर पट्ट्याच्या कडेला क्रोमचे पोपडे उठलेले असतात. ते पोपडे एकदा सुटले की कपलरच्या आतच फिरत बसतात आणि मग ते स्वतःच कानशीचं काम करतात.

इथे एक गोष्ट समजून घेतली की कुठलं ग्रीस चांगलं हे आपोआप कळतं. चाकाचं बेअरिंग जोरात फिरतं, त्यामुळे त्यात तेलाचा थर आपोआप तयार होतो आणि धातूला धातू लागतच नाही. हिच बॉलवर तसं काही नाही. इथली हालचाल एकदम सावकाश, थोडीशी इकडे थोडीशी तिकडे, आणि दाब प्रचंड. पातळ तेल असेल तर पहिल्याच दणक्यात बाजूला सरकतं आणि परत आत येत नाही. म्हणून इंजिन ऑइलचे थेंब सोडणारे, डब्ल्यूडी-४० मारणारे जे लोक आहेत त्यांचा बॉल थोड्याच वेळात परत कोरडा होतो. डब्ल्यूडी-४० १९५३ साली बनलं ते पाणी हटवायला, नावातला डब्ल्यूडी त्याचाच आहे, बॉल पुसायला मस्त, वंगण म्हणून इथे काही उपयोगाचं नाही. इथे लागतं चिकटून बसणारं, दाब सहन करणारं ग्रीस, ज्यात ईपी म्हणजे जास्त दाबासाठीची रसायनं किंवा मॉली, मोलिब्डेनम डायसल्फाइड, ते काळपट चकचकीत पावडरीसारखं असतं ते, घातलेलं असेल. ग्रीस पिळवटून बाहेर गेलं तरी मॉलीचा थर धातूवर चिकटून राहतो, तोच खरा कामाला येतो.

आता ट्यूबबद्दल. आतला माल बघितला तर पांढरट, चिवट, बोटाला लावून दोन बोटं लांब केली की तार निघते, वास फारसा नाही. मागे लिहिलंय पाण्याने धुतलं जात नाही, जास्त दाबाला चालतं, गंज रोखतं. हे सगळं खरं आहे, खोटं एकही नाही. पण हे सगळं कुठल्याही बऱ्या एनएलजीआय २ नंबरच्या ईपी लिथियम ग्रीसच्या डब्यावर पण लिहिलेलं असतं आणि तिथेही खरंच असतं. तो २ नंबर म्हणजे ग्रीसचा घट्टपणा. एक ठराविक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती आत रुततो ते मोजतात, २ नंबरला तो २६५ ते २९५ च्या मधे येतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागात, म्हणजे साधारण २६ ते २९ मिलिमीटर. साध्या भाषेत, बोटाने उचलता येतं, उलटं धरलं तर ओघळत नाही. ट्यूबवर हा नंबर कुठेच दिलेला नाही, मला हे अजिबात आवडलं नाही. डब्यावर असतो, ग्रीस गनच्या कार्ट्रिजवर असतो, आणि जी वस्तू "खास" म्हणून विकताय तिच्यावरच नाही? घट्टपणा काय, तेलाला घट्ट करणारा आतला साबण कुठला, लिथियम की कॅल्शियम, मॉली आहे की नाही, काही पत्ता नाही. बॉलचा रंगीत फोटो मात्र आहे.

हाताळायला ट्यूब छान आहे हे मान्य करावं लागेल. तोंड बारीक, पाहिजे तेवढंच बाहेर येतं, डब्यातून बोटाने काढताना जे मनगटापर्यंत बरबटतं ते होत नाही, आणि गाडीच्या खणात मावते. पण गरमीत गाडीत पडून राहिली की आतलं तेल वेगळं होतं, झाकण उघडलं की आधी पिवळं पाणी आल्यासारखं तेल येतं आणि मग ग्रीस. हे ग्रीसचं दुखणं नाही, थोडं तेल सगळ्याच ग्रीसमधून सुटतं, पण डब्यात ते परत कालवता येतं, ट्यूबमध्ये काय कालवणार? वर त्याचं झाकण इतकं पातळ प्लॅस्टिकचं आहे की चिरलंच. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलीये. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की माल थंड आणि कोरड्या जागी ठेवा. अहो, गाडीच्या मागे लावायची वस्तू गाडीत नाही ठेवायची तर कुठे ठेवायची!

आणि ग्रॅममागे हिशोब केलात तर ट्यूब साध्या ग्रीसपेक्षा कितीतरी पट महाग पडते. ज्यांचा ट्रेलर वर्षातनं एखाद-दुसऱ्या वेळी बाहेर निघतो आणि घरात ग्रीसचा दुसरा काही उपयोग नाही त्यांनी बिनधास्त घ्या, डबा घेऊन करणार काय. ज्यांच्याकडे चाकाच्या बेअरिंगसाठी ग्रीसचा डबा आधीच पडलाय त्यांनी तोच वापरा. बॉलला फरक कळत नाही.

डब्यातलं साधं लिथियम ग्रीस मी जास्त वापरतो आणि त्याबद्दल तक्रार करायला फार जागा नाही. एकच, पाऊस खूप असेल किंवा ट्रेलर बोटीचा असेल आणि पाण्यात उतरत असेल, तर लिथियमपेक्षा मरीन ग्रीस घ्या, बऱ्याचदा ते कॅल्शियम सल्फोनेटचं असतं. पाण्यात ते जास्त टिकतं आणि खाऱ्या पाण्यात गंजाला पण बऱ्यापैकी आवर घालतं. डब्यावर एएसटीएम डी१२६४ असा नंबर दिसला तर ती पाण्याने किती ग्रीस धुतलं जातं त्याची टेस्ट, टक्का जितका कमी तितकं चांगलं. पांढरं लिथियम ग्रीस स्प्रेमध्ये मिळतं, दरवाज्याच्या बिजागऱ्यांना ठीक आहे, बॉलसाठी मला ते फार नाजूक वाटतं, उडवल्यावर छान दिसतं आणि एका मोठ्या वळणात गायब. आणि हो, वेगवेगळ्या साबणाची ग्रीस एकमेकांत कालवू नका, काही जोड्या एकत्र आल्या की सांजा पातळ व्हावा तशी सैल पडतात. बॉलवर जुनं पुसूनच नवीन लावणार असाल तर ही भानगड येतच नाही.

ड्राय स्प्रे, म्हणजे पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा ग्रॅफाइटवाला, हा कोरड्या पार्टीचा मधला मार्ग. मारायचा, वाळू द्यायचा, हाताला लागत नाही, धूळ चिकटत नाही. हलक्या ट्रेलरला, म्हणजे बागेतला पालापाचोळा नाहीतर एखादी बाईक नेणाऱ्या छोट्या ट्रेलरला, हे मला खरंच आवडलं. जड ट्रेलरला नाही. थर पातळ असतो, पुढच्या मागच्या पट्ट्यांवरून लवकर घासून जातो आणि बाजूंना जिथे गरज नाही तिथे मस्त टिकून राहतो. ग्रॅफाइटबद्दल आणखी एक, ओलावा असेल तर ग्रॅफाइट आणि खालचा धातू मिळून गंजाला उलट हातभार लागू शकतो, त्यामुळे बोटीच्या ट्रेलरला तरी नकोच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुक्या धुळीच्या रस्त्यावरच चालणार असेल तर मात्र ड्राय स्प्रेची बाजू मला पटते.

आता धुळीचा मुद्दा, कारण विरोधी पार्टीचा सगळ्यात मोठा दारूगोळा हाच आहे आणि तो फुसका नाहीये. ग्रीस आणि बारीक वाळू एकत्र आली की तयार होतो तो व्हॉल्व घासायचा पेस्ट, अक्षरशः तेच, इंजिनवाले तोच मुद्दाम वापरतात धातू झिजवायला. बॉल ट्रेलरला जोडलेला असतो तेव्हा आत फार धूळ जात नाही, कपलर वरून झाकलेला असतो. खरी धूळ बसते ट्रेलर सोडल्यावर, जेव्हा ग्रीस लागलेला बॉल गाडीच्या मागे उघडा फिरतो. गाडीच्या चाकांनी उडवलेली सगळी वाळू त्याच्यावर, आणि मग पुढच्या वेळी आपण वरून कपलर टेकवतो आणि ती सगळी आत दाबतो. म्हणून माझी पद्धत अशी की ट्रेलर सुटला की बॉल पुसायचा. परत जोडताना लावायचं, जोडायच्या आधी, मधल्या काळात बॉलवर काही ठेवायचं नाही, फार तर गंज चढू नये एवढा तेलकट हात. कपलरच्या वाटीत पण बोट घालून एकदा फिरवा, तिथे जुनं काळं साठतं आणि लोकं फक्त बॉल पुसून मोकळी होतात. बोटाला आलेल्या काळ्यात चमचम दिसली, मोबाइलचा टॉर्च मारून बघा, तर ती धातूची भुकटी आहे. थोडी असतेच. दर वेळी भरपूर येत असेल तर एकतर ग्रीस कमी पडतंय नाहीतर कपलर नीट बसत नाहीये.

लावायचं किती? शेंगदाण्याएवढं. खरंच तेवढंच. पुढच्या बाजूला, मागच्या बाजूला, माथ्यावर थोडं, आणि खालच्या बाजूला जिथे कपलरची जीभ पकडते तिथे नुसता हात पुसल्यासारखा. जे लोक बॉलचा गोळा दिसणार नाही इतकं थापतात त्यांचं निम्मं पहिल्याच खड्ड्यात बंपरवर जातं आणि उरलेलं पॅन्टला. बऱ्याच कपलरच्या माहितीपत्रकात सुद्धा वाटीला आणि पकडीला ग्रीस लावा आणि हॅन्डलच्या पिनांना साधं तेल सोडा असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे "कंपनी सांगत नाही" हे म्हणणाऱ्यांनी एकदा ते पान उघडून बघा, नट-बोल्टच्या पानाच्या पुढे असतं बहुतेक.

कोरड्या पार्टीचा दुसरा दावा असा की बॉल कोरडा असला की घर्षणाने ट्रेलर डोलत नाही, ग्रीस लावलं की मागे शेपटी हलायला लागते. हे ऐकायला बरं वाटतं म्हणून कागदावर मांडून बघितलं. २०० किलो म्हणजे साधारण २००० न्यूटन. कोरड्या लोखंडाचं घर्षण अगदी उदार मनाने ०.५ धरा. बॉलची त्रिज्या २५ मिलिमीटर. गुणाकार केला की येतात २५ न्यूटन-मीटर, आणि हे सुद्धा जास्तीत जास्त, कारण वजन माथ्यावर असतं आणि तिथे त्रिज्या आणखी कमी. आता हा जोर ४ मीटर लांबच्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला किती? ६ न्यूटनच्या आसपास. म्हणजे ट्रेलरच्या शेपटीला ६०० ग्रॅमची बाटली बांधून ओढल्याइतका. ओढण्याचा आणि ब्रेकचा दाब धरला तर आकडा वाढेल, पण २००० किलोचं धूड डोलायला लागलं तर त्याने काय होणार आहे? डोलणं थांबतं सामान नीट भरल्याने, वजन एक्सलच्या थोडं पुढे ठेवल्याने आणि स्पीड कमी ठेवल्याने. बॉल कोरडा ठेवून नाही.

पण हाच हिशोब उलटा फिरतो जेव्हा घर्षण मुद्दाम तयार केलेलं असतं, आणि हा भाग कृपया डोळे उघडे ठेवून वाचा. कॅरॅव्हॅनवर जे स्टॅबिलायझर कपलर येतात, आल्कोचा एकेएस ३००४ किंवा विंटरहॉफचा डब्ल्यूएस ३०००, त्यांच्या आत ब्रेकच्या लायनरसारखे पॅड असतात आणि ते बॉलला दोन्ही बाजूंनी जोरात चिमटीत धरतात. तिथे दाब नुसत्या वजनाचा नाही, स्प्रिंगचा आहे, आणि ते घर्षणच डोलणं मारतं. तिथे ग्रीस लावणं म्हणजे ब्रेकच्या डिस्कला ग्रीस लावणं. नवीन बॉलवर रंग किंवा कोटिंग असेल तर ते सुद्धा घासून काढायचं असतं, मग नंतर ब्रेक क्लीनरने पुसायचा. पॅडला एकदा ग्रीस मुरलं तर पुसून उपयोग नाही, पॅडच बदला. ओळखायचं कसं, तर बऱ्याच मॉडेलमध्ये वरती एक जादा हॅन्डल असतं पॅड आवळायला, काहींमध्ये एकच हॅन्डल दोन्ही कामं करतं, त्यामुळे हॅन्डल मोजण्यापेक्षा कपलर उलटा करून आत बघा, बाजूंना पॅड दिसतील. अमेरिकेत जी घर्षणाची दांडी वेगळी लावतात डोलणं थांबवायला, तिच्या आतल्या पट्ट्यांना पण तोच नियम, ग्रीस नाही.

आणि एक जे कोणी फारसं सांगत नाही. बॉलवर चिमटून बसणारं सायकल कॅरिअर. ते पूर्णपणे पकडीच्या घर्षणावर उभं असतं, तीन-चार सायकली घेऊन. बॉलवर ग्रीसचा पातळ थर जरी राहिला तरी कॅरिअर ब्रेकला पुढेमागे झुकू शकतं. एकच गाडी, आठवड्यात सामानाचा ट्रेलर आणि रविवारी सायकली, असं असेल तर बॉल ब्रेक क्लीनरने आणि पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं पांढरंच घ्या, काळा डाग येणं बंद होईपर्यंत. असं सारखं करावं लागणार असेल तर सरळ ड्राय स्प्रेवाले व्हा नाहीतर वेगळा बॉल ठेवा, रोज रोज कोण घासत बसणार.

बॉल बदलायचा कधी, तर ५० मिलिमीटरचा बॉल झिजून ४९ वर आला की संपला, मग त्याला ग्रीस लावा नाहीतर अत्तर. व्हर्निअर कॅलिपर लावून पुढून-मागून मोजा, बाजूने मोजलात तर माप नेहमी छान येतं कारण तिथे झीजच नसते. आणि अमेरिकन कपलर असेल तर १-७/८, २ आणि २-५/१६ इंच अशी मापं असतात, बॉलच्या डोक्यावर बहुतेक कोरलेलं असतं, कपलरवर पण असतं, दोन्ही जुळवा. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, ५० नाही. हा ०.८ चा फरक डोळ्याला दिसत नाही पण २ इंचाच्या कपलरमध्ये झिजलेला ५० चा बॉल म्हणजे खडखड आणि त्यापुढे काहीही. खडखड जास्त ग्रीस भरून बंद करणारे महाभाग आहेत, आवाज खरंच बंद होतो, ढिलेपणा तिथेच असतो.

ग्रीस बॉलच्या खालच्या आट्यांवर जाऊ देऊ नका एवढं बघा. नट आवळायचा आकडा कंपनी जो देते, १ इंच जाडीच्या शँकला, म्हणजे बॉलखालच्या आट्यांच्या दांड्याला, साधारण ३४० न्यूटन-मीटर, तो कोरड्या आट्यांसाठी असतो बहुतेक ठिकाणी. आट्यांना ग्रीस लागलं की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. आणि हे पण खरं की कोरडा बॉल वळताना कपलरला धरून बसतो, मग बॉल स्वतः फिरायचा प्रयत्न करतो आणि नट सैल व्हायला वाव मिळतो, म्हणजे ग्रीसचा एक फायदा हा पण, जो ट्यूबवर लिहिलेला नाही.

रिव्हर्समध्ये वळवताना जो तो अंगावर काटा आणणारा आवाज येतो ना, मध्यरात्री सगळी गल्ली जागी करणारा, तो ग्रीसने जातो. लावल्या लावल्या. नुसतं याच्यासाठी सुद्धा ग्रीस लावायला माझी ना नाही. पण आवाज गेला नाही तर बॉल सोडून मागे बघा. ओव्हररन ब्रेकच्या, म्हणजे गाडीवर रेटल्यावर आपोआप ब्रेक लागणाऱ्या ट्रेलरला कपलरच्या मागे जो सरकणारा दांडा असतो, त्याच्यावर ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं असतात, बहुतेक दोन. बॉलला मन लावून ग्रीस लावणारी कितीतरी लोकं त्या निपलला गन लावतच नाहीत, आणि तिथे सुकं पडलं की ब्रेक मारल्यावर दांडा अडकत अडकत सरकतो आणि ट्रेलर दणके देतो. ट्यूबने हे काम होत नाही, गन लागते, आणि गन घेतलीत की कार्ट्रिजमधलं ग्रीस बॉलला पण होतं. तिथेच माझ्यापुरता ट्यूबचा विषय निकालात निघाला. गूसनेकवाल्यांना (ट्रकच्या हौद्यातल्या बॉलवर अडकणारा ट्रेलर) बॉलचं हेच सगळं लागू, फिफ्थ व्हीलवाल्यांनी (बॉलऐवजी सपाट प्लेटवर टेकणारा) मात्र तो गोल प्लॅस्टिकचा डिस्क मधे टाका, ग्रीसचा राडाच नको.

राहिली पॅन्ट. बॉलवर रबराचं टोपण घाला, नाहीतर टेनिसचा जुना बॉल अर्धा चिरून चढवा, दोन्ही चालतं, टोपण जरा घट्ट बसतं, टेनिस बॉल वाऱ्याने उडतो आणि पाऊस आत धरून ठेवतो, त्यामुळे आतून गंज. टोपण घालायच्या आधी बॉल पुसलेला असू द्या, नाहीतर टोपणाच्या आत ग्रीस साठतं आणि पुढच्या वेळी काढताना तेच हाताला. कपड्याला लागलंच तर पाणी लावायच्या आधी भांड्यांचं लिक्विड थेट डागावर चोळा आणि थोडा वेळ राहू द्या, आधी पाणी लावलं की डाग पसरतो. मॉलीचं काळं ग्रीस असेल तर त्याची आशा सोडा, ती पॅन्ट आता ट्रेलरची.